बाल कल्याण समितीच्या पाच खुर्च्यांवर कोण बसावं? निवड समितीस आणि महिला व बाल विकास विभागास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बाल कल्याण समिती व बाल न्याय मंडळ सदस्य निवड समिती, महाराष्ट्र
मा. सचिव, महिला व बाल विकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीवर, तीन वर्षांची पूर्ण मुदत सदस्य म्हणून काम केलं. जिल्ह्याचं आणि माझं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्या मुलांबद्दल पुढे सांगणार आहे ती आज त्याच जिल्ह्यात शाळेत जातात, आणि मुलाची ओळख कुठेही उघड होता कामा नये असं बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतं. आमच्याकडे सदस्य कोण होतं हे कळलं की मूल कोणतं हे कळायला वेळ लागत नाही. म्हणून त्यांचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

पत्र लिहायचं कारण एक अंगणवाडी सेविका आहेत. 22 वर्षं एकाच गावात त्यांनी अंगणवाडी चालवली. घरच्या आजारपणामुळे गेल्या वर्षी काम सोडलं. समितीच्या सदस्यपदाचा अर्ज भरू का, असं विचारायला त्या माझ्याकडे आल्या. ओट्यावर बसून मी त्यांना पात्रतेचा परिच्छेद वाचून दाखवला. त्या बारावी झालेल्या आहेत. "मग नाही ना बसत मी त्यात," असं म्हणून त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. आणि मला एकदम जाणवलं की आज मीही त्यात बसत नाही. माझं डी.एड. झालेलं आहे. ती पदविका आहे, पदवी नाही.

2015 चा कायदा झाला तेव्हा कलम 27 मध्ये सदस्यासाठी दोन वाटा होत्या. एक, मुलांच्या आरोग्याचं, शिक्षणाचं किंवा कल्याणाचं काम किमान सात वर्षं प्रत्यक्ष केलेलं असावं. किंवा दुसरी, बाल मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य अशा विषयांची पदवी घेऊन व्यवसाय करणारी व्यक्ती असावी. मी पहिल्या वाटेने आले. 2021 ची दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली आणि पहिल्या वाटेवरही पदवीचं फाटक बसलं. आता सात वर्षं मुलांत काम केलेलं असलं तरी ठरवून दिलेल्या विषयांपैकी एकात पदवी हवीच. दुसऱ्या वाटेवर मात्र काहीच नवं बसलं नाही. पदवी घेऊन व्यवसाय करणाऱ्याला मुलांबरोबर काढलेल्या वर्षांची अट आधी नव्हती, आताही नाही.

म्हणजे आयुष्यभर जमिनीच्या दाव्यांत वकिली केलेले गृहस्थ कायद्याने पात्र ठरतात आणि 22 वर्षांत गावातल्या प्रत्येक मुलाला वजनकाट्यावर ठेवणारी बाई ठरत नाही. वकिलांबद्दल माझ्या मनात काही नाही. आमच्या समितीचे अध्यक्ष वकील होते, आणि ते नसते तर आमचे निम्मे आदेश वरच्या न्यायालयात टिकले नसते. मला एवढंच म्हणायचं आहे की एका बाजूला जाणतेपणाचा पुरावा मागायचा आणि दुसऱ्या बाजूला तो पदवीच्या कागदातच आहे असं धरून चालायचं, हे मुलांच्या बाबतीत महागात पडतं. कसं, ते आता सांगते.

एका जानेवारीत पोलिसांनी एसटी स्टँडवरून दोन भावंडं आणली. मुलगी 9 वर्षांची, भाऊ 4 वर्षांचा. कायद्याप्रमाणे 24 तासांच्या आत ती समितीपुढे आली. मुलीच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, पण त्या दिवशी रविवार होता. पुढे नमुना 22 मधला सामाजिक तपासणी अहवाल आला. तो तयार करणारा तरुण समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेला होता, कामाला चोख होता, मोटारसायकलवरून 60 किलोमीटर जाऊन घर बघून आला होता. आई-वडील तीन महिन्यांपासून गावात नाहीत. घरात फक्त आजी, वय 70 च्या पुढे, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. घर पत्र्याचं. मुलगी 11 दिवस शाळेत गैरहजर. स्वयंपाक मुलगी करते. निष्कर्ष असा की पालकांनी जबाबदारी टाकलेली आहे, सांभाळणारी व्यक्ती असमर्थ आहे, दोघांना बालगृहात दाखल करावं.

या अहवालातली एकही ओळ खोटी नव्हती.

मी मुलीला जवळ बसवलं. कोणासंगं राहतेस? "आजीसंगं." भाकरी कोण करतं? "पीठ आजी मळती, म्या थापती. चुलीपशी तिला बसू देत नाही, दिसत नाही ना तिला." स्टँडवर कशाला आला होतात? तिने गणवेशाच्या खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला. त्यावर मुकादमाचा मोबाइल नंबर आणि साखर कारखान्याच्या गावाचं नाव होतं. आजीची बीपीची गोळी संपली होती, बापाला सांगायला निघाली होती. भावाला एकटं ठेवायचं नाही म्हणून त्याला बरोबर घेतलं. गणवेश एवढ्यासाठी घातला की शाळेच्या पोरीला कंडक्टर गाडीतून उतरवत नाही.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता बंद ठेवता येत नाही, एक दिवस बसलं तरी खाडा पडतो. म्हणून पोरं आजीकडे ठेवायची. तिथे फडावर पालात ठेवण्यापेक्षा ते बरं, हे आई-बापांनी विचार करून ठरवलेलं असतं. त्याला टाकून देणं म्हणत नाहीत. आणि ते 11 दिवस? त्या गावच्या शाळेतलं हंगामी वसतिगृह त्या वर्षी उशिरापर्यंत सुरूच झालं नव्हतं. हे वसतिगृह म्हणजे गावात मागे राहिलेल्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची शासनाची सोय. ती बंद म्हटल्यावर मुलगी सकाळी भाकरी थापून, आजीला आणि भावाला खायला घालून शाळेत पोचेपर्यंत निम्मी शाळा झालेली असे. मग तिने जायचंच सोडलं.

हे मला कळलं ते मी हुशार म्हणून नव्हे. 34 वर्षं दर जानेवारीत माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असत, म्हणून कळलं. कोणत्या प्रश्नापासून सुरुवात करायची ते मला ठाऊक होतं. नमुना 22 मध्ये "पीठ कोण मळतं" असा रकाना नाही.

पण गोष्ट इथेच थांबवली तर मी माझ्याच बाजूने सांगितल्यासारखं होईल. मी मुलांना घरी पाठवायला निघाले होते. चुलती शेजारीच राहते, ती रात्री झोपायला येईल, वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन करते, एवढं माझं ठरून गेलं होतं. आमच्या समितीत निवृत्त बालरोगतज्ज्ञ होते. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. उठून त्यांनी लहान्याला मांडीवर घेतलं, त्याच्या डाव्या दंडाला घेर मोजायची पट्टी गुंडाळली आणि मला दाखवली. पट्टी पिवळ्या रंगावर थांबली होती, साडेअकरा आणि साडेबारा सेंटिमीटरच्या मधे. म्हणाले, "बाई, हे पोर उपाशी आहे." मी अर्धा तास त्या मुलासमोर बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. ऊसतोडीच्या घरची पोरं बारीकच असतात, असं इतकी वर्षं बघून बघून माझ्या डोळ्याला ते नेहमीचं झालं होतं.

शेवटी आदेश झाला तो सगळ्यांचा मिळून होता. मुलं आजी आणि चुलतीकडे, लहान्याची अंगणवाडीमार्फत आहाराची आणि दर आठवड्याला वजनाची सोय, आजीच्या गोळ्या आशाताईंकडे, परिविक्षा अधिकाऱ्यांची (प्रोबेशन ऑफिसरची) दर पंधरा दिवसांनी भेट, आणि वसतिगृह सुरू करण्यासाठी शिक्षण विभागाला समितीचं पत्र. कायद्याच्या कलम 3 मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असल्याचं तत्त्व आहे, ते वकीलसाहेबांनी आदेशात नीट मांडलं. वकील, डॉक्टर आणि बाई, तिघांपैकी एक जरी त्या दिवशी गैरहजर असतं तरी या मुलांचं काही ना काही चुकलं असतं.

आता माझी चूक. ती मला लिहायलाच हवी, कारण पदवीची अट कशासाठी आणली असेल ते मला त्या चुकीमुळे समजतं.

10 वर्षांचा एक मुलगा बालगृहात होता. आई-वडील नव्हते. त्याचे काका ताबा मागायला आले. स्वच्छ कपडे, हातात सफरचंदांची पिशवी, बोलणं अदबीचं. मुलाला समोर विचारलं, घरी जायचंय का? तो म्हणाला, "हो, मला काकांकडे जायचं आहे. काका मला शाळेत घालणार आहेत." बालगृहाच्या समुपदेशक 25-26 वर्षांच्या, मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या. त्यांनी अहवालात लिहिलं होतं की मूल हे वाक्य प्रत्येक वेळी त्याच शब्दांत म्हणतं, आणि काका भेटायला येणार असं कळलं की आदल्या रात्री अंथरूण ओलं करतं, एरवी करत नाही. तूर्त ताबा देऊ नये, आणखी चार वेळा मुलाला एकट्याने भेटू द्यावं, अशी त्यांची शिफारस होती.

मी त्या बैठकीत जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "मूल स्वतःच्या तोंडाने सांगतंय. रक्ताचं माणूस न्यायला आलंय. आपण पुस्तकातलं बघून त्याला इथे डांबून ठेवायचं का?" अंथरुणाबद्दल मी म्हणाले की पोरं करतात, शाळेत शेकडो बघितलीत. माझं वय आणि माझी नोकरी यांना मान देऊन दोघे माझ्या बाजूने झाले. मतभेद असतील तर बहुमत चालतं, असं कायद्यात आहे. तीन विरुद्ध दोन मतांनी आदेश झाला. त्या समुपदेशकांचा अहवाल का मानला नाही, याबद्दल आदेशात एक अक्षर नव्हतं. ते लिहायला हवं होतं हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही.

साडेपाच महिन्यांनी मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन आला आणि तो मुलगा शेजारच्या जिल्ह्यातल्या वीटभट्टीवरून परत आला. दोन्ही तळहातांची सालं गेलेली होती. त्याला समितीपुढे आणलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने समुपदेशकताईंना एवढंच विचारलं, की खिडकीजवळचा त्याचा पलंग दुसऱ्या कोणाला दिला का.

मी त्याच संध्याकाळी त्या ताईंची माफी मागितली. त्यांनी मला समजावून सांगितलं की मूल घाबरलं की पाठ केल्यासारखं बोलतं, ज्याची भीती आहे त्याच्यासमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो, आणि वेळ धरून होणारी अंथरुणाची तक्रार वेगळी असते. शेकडो मुलं पाहिली असं मी म्हणाले होते, पण यातलं एकही मी या नजरेने पाहिलेलं नव्हतं. शिकून येणारं ज्ञान म्हणजे काय ते मला 61 व्या वर्षी कळलं, आणि त्याची किंमत मी भरली नाही, त्या मुलाने भरली.

म्हणून "गावातला अनुभव श्रेष्ठ, पदव्या काय कामाच्या" असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. अनुभवाच्या नावाखाली समितीत काय काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. "त्या समाजात असंच असतं." "पारध्यांच्या पोरांना बालगृहात करमत नाही, पळूनच जाणार." "सोळा वर्षांची आहे, पोटुशी आहे, आता सासरी पाठवलेलं बरं, इज्जत राहील." ही वाक्यं बोलणारी माणसं वाईट नव्हती, वर्षानुवर्षं समाजात वावरलेली होती. पण जातीचा आणि बाईच्या इज्जतीचा ग्रह अनुभवाचे कपडे घालून टेबलावर येतो, आणि समोरच्याकडे कायदा किंवा शास्त्र पक्कं नसेल तर तो आदेशात उतरतो. आमच्याकडे शेवटचं वाक्य आलं तेव्हा एम.एस.डब्ल्यू. झालेल्या सदस्य ताईंनी बालविवाह प्रतिबंध कायदा आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, उघडून समोर ठेवला आणि विषय तिथेच थांबवला.

तज्ज्ञांचंही तसंच, दुसऱ्या बाजूने. तांड्यावरचा एक बंजारा मुलगा आमच्यासमोर "बौद्धिक अक्षम" अशा दाखल्यासह आला. दाखला देणाऱ्याने नियमाप्रमाणे बुद्ध्यांक चाचणी केली होती. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी बिने-कामत चाचणी मुळात मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवलेली आहे. या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात आणि तो शाळेत दीड वर्षच गेलेला. मी इमारतीत झाडलोट करणाऱ्या बंजारा मावशींना वर बोलावलं. दहा मिनिटांत मुलाने त्यांना तांड्यावरच्या सगळ्या शेळ्या नावानिशी सांगितल्या, कोणती कोणाची, कोणती व्यायला झालीय ते. फेरतपासणीसाठी आम्ही त्याला पाठवलं, दुभाष्यासह. तपासणारे डॉक्टर चांगले होते. त्यांनी स्वतःच कळवलं की पहिल्या वेळी भाषेचा विचार व्हायला हवा होता.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळ बघतं, त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, म्हणजे बिगरन्यायिक सदस्य असतात. त्या मंडळाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न 13 जुलै 2022 च्या निकालात हाताळलेला आहे. 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तेव्हा त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज वगैरेची प्राथमिक तपासणी मंडळाने करायची असते, आणि त्यासाठी मंडळ तज्ज्ञांची मदत "घेऊ शकेल" असं कलम 15 म्हणतं. न्यायालयाने सांगितलं की मंडळात बाल मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं व्यावसायिक कोणी नसेल, तर ही मदत घेणं बंधनकारक समजावं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याला काय कळत नाही ते आधी ओळखा आणि ज्याला कळतं त्याला बोलवा, असं तो मंडळाला सांगतो. हाच न्याय उलट्या दिशेनेही लागू व्हावा, एवढंच माझं मागणं आहे. पाचांपैकी कोणालाही त्या मुलाची भाषा, त्याची वस्ती, त्याच्या घरच्यांचा रोजगार माहीत नसेल, तर ते माहीत असलेल्या माणसाला बोलावणंही बंधनकारक असावं.

मे 2024 नंतर बिगरन्यायिक सदस्यांबद्दल लोकांचं मन कलुषित झालं आहे, हे मला माहीत आहे. अल्पवयीन आरोपी असलेल्या पुण्यातल्या मोटार अपघाताच्या प्रकरणात मंडळाच्या एका सदस्याने दिलेला जामीन आणि त्यातली 300 शब्दांच्या निबंधाची अट यांवर राज्यभर संताप झाला आणि पुढे सरकारने मंडळाच्या दोन बिगरन्यायिक सदस्यांना काढलं. त्या प्रकरणाच्या गुणदोषात मी जात नाही. पण त्यानंतर "सामाजिक कार्यकर्ते हवेतच कशाला, सगळं न्यायाधीशांकडे द्या" असा जो सूर निघाला तो मला बरोबर वाटत नाही. मंडळाची बैठक नसताना मुलाला एकट्या सदस्यापुढे हजर करता येतं, ही कायद्यातली सोय आहे. अंतिम निर्णयाला मात्र प्रधान न्यायदंडाधिकाऱ्यांसह किमान दोघं लागतात, आणि आमच्या समितीत किमान तिघं. कायदा करणाऱ्यांनी एकट्यावर भिस्त ठेवलेली नाही. एकटा मॅजिस्ट्रेट असो, एकटा वकील असो की एकटी बाई, मुलाबद्दलचा निर्णय एकट्याने घेतला की तो एकाच बाजूने दिसतो.

हे काही आजचं नाही. 1986 च्या कायद्यात बाल न्यायालयाच्या मदतीला दोन मानसेवी समाजसेवक असत, 2000 च्या कायद्याने त्यांना मंडळात खुर्ची दिली आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बाल कल्याण समिती आणली. स्कॉटलंडमध्ये 1971 पासून मुलांबद्दलचे असे निर्णय तीन सामान्य नागरिकांचं पॅनेल घेतं, हे मला पुण्याच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा कळलं. तिथे वस्तुस्थितीबद्दलच वाद असेल तर तो न्यायाधीशापुढे जातो आणि मुलासाठी आता काय करायचं ते पॅनेल ठरवतं. आपल्याकडे दोन्ही कामं पाच जणांनी एकाच टेबलावर करायची असतात. म्हणून ते पाच कोण, याला इथे इतकं महत्त्व आहे. आमच्या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एखादं बाळ दत्तक देण्यास कायद्याने मोकळं आहे असं आम्ही जाहीर केलं की जन्मदात्या आईचा त्यावरचा हक्क संपतो. तो कागद सही करताना पहिल्या वेळी माझा हात थरथरला होता.

आता मागण्या.

कायदा केंद्राचा आहे, तो आपण बदलू शकत नाही हे मला समजतं. पण दुरुस्तीने काय झालं हे आपण केंद्राला लेखी कळवू शकता. कलम 27 मध्ये जिथे "आणि" आला तिथे पुन्हा "किंवा" यावा, निदान पाचपैकी एका जागेसाठी. आणि व्यवसाय करणाऱ्या पदवीधरालाही मुलांबरोबरच्या प्रत्यक्ष कामाची काही वर्षं लागावीत. तोवर आहे त्या चौकटीत निवड करताना एवढं तरी बघा, की शिक्षण, आरोग्य, समाजकार्य या विषयांतल्या पदवीधरांमध्ये त्याच जिल्ह्यात राहून काम केलेली माणसं असतात. बी.एड. झालेल्या अंगणवाडी पर्यवेक्षिका असतात, आश्रमशाळेतले शिक्षक असतात. पाचही जण जिल्ह्याच्या ठिकाणचे आणि एकाच धाटणीचे निवडू नका. मुलाखतीत कलमांबरोबर हेही विचारा, की तुमच्या जिल्ह्यात जानेवारीत कोणत्या गावात मुलं एकटी असतात.

दुसरी मागणी राज्याच्या हातातली आहे. राज्याचे स्वतःचे 2018 चे बाल न्याय नियम आहेत. त्यांत एवढी भर घाला, की समुपदेशकाचा, डॉक्टरांचा किंवा परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल समितीने मानला नाही तर का मानला नाही ते आदेशात लिहावंच लागेल. आणि मुलाच्या गावातल्या किमान एका माणसाचं म्हणणं, अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, जो मुलाला रोज बघतो त्याचं, नोंदवल्याशिवाय मुलाला कायमचं संस्थेत ठेवण्याचा किंवा घरी पाठवण्याचा अंतिम आदेश होणार नाही. त्यांना येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाचा रोज द्या. मी स्वतःच्या पर्समधून किती जणींचं एसटीचं तिकीट काढलं ते सांगत नाही, पण ते तिकीट काढलं म्हणून त्या आल्या आणि त्या आल्या म्हणून निर्णय सुधारले. सदस्याचं वेगळं मत असेल तर तेही आदेशासोबत जोडलं जावं. माझ्या विरोधात मत दिलेल्या त्या दोघांचं म्हणणं आज कोणत्याही कागदावर नाही.

वेळेबद्दलही सांगते. पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत सामाजिक अहवाल आणि चार महिन्यांत अंतिम आदेश, असं कायदा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण महिन्यातल्या किमान 20 बैठकांमधला कितीतरी वेळ बालसंगोपन योजनेच्या, म्हणजे मुलाला घरीच वाढवण्यासाठी मिळणाऱ्या शासनाच्या मदतीच्या, अर्जांच्या ढिगाऱ्यात जातो. कोविडनंतर तर विधवा आयांची रांग जिन्यापर्यंत असायची. महिना 2250 रुपये त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही, त्यांना तिष्ठत ठेवणं हाही अन्यायच. त्या कागदांच्या छाननीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला माणसं द्या. एका मुलाशी एकांतात बोलायला समितीला 20 मिनिटंही मिळत नसतील तर तिथे तज्ज्ञ बसवा नाहीतर गावकरी बसवा, दोघांनाही काही दिसणार नाही.

आणि प्रशिक्षण. नियुक्तीची अधिसूचना निघाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ते द्यायचं असतं. आम्हाला मिळालं ते सभागृहात, पडद्यावर कलमं दाखवून. मला वाटतं नव्या पाचही जणांना एक रात्र बालगृहात राहायला लावा, अंथरुणं कोण ओली करतं ते सकाळी काळजीवाहक मावशींकडून समजून घ्यायला सांगा. वकिलांना एक दिवस फडावर न्या. माझ्यासारख्या शिक्षिकेला चार दिवस समुपदेशकाशेजारी बसवा, तोंड बंद ठेवून.

मी ज्या मुलाबद्दल चुकले तो आता नववीत आहे. त्या ताई दुसऱ्या संस्थेत गेल्या, तरी दर रविवारी त्याला फोन करतात. ऊसतोडीच्या घरच्या मुलीची आजी गेल्या पावसाळ्यात गेली. मुलगी चुलतीकडे आहे, वसतिगृह यंदा दिवाळी संपताच सुरू झालं.

तीन वर्षांत मी माझ्यापुरती नोंद ठेवत होते. प्रत्येक प्रकरणात अहवालात काय होतं, गावातून काय कळलं, आम्ही काय ठरवलं, पुढे काय झालं. शंभर पानी चार वह्या झाल्या आहेत. मुलांची, गावांची नावं शाईने खोडून टाकली आहेत, काही ठिकाणी दोनदा. नियमांचा मसुदा करताना किंवा नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी त्या विभागाला हव्या असतील तर आयुक्तालयाने एका माणसाला पाठवावं. पोस्टाने पाठवायला मला धीर होत नाही. त्या अंगणवाडी सेविका आणि मी, दोघी मिळून त्यातलं अक्षर लावून देऊ.

आपली,
एक माजी सदस्य, बाल कल्याण समिती
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मराठवाडा)